उत्तरेचा उजेड

जुन्या स्टुडिओंच्या बांधणीत एक संकेत बहुधा पाळलेला असे, तो म्हणजे मोठी खिडकी उत्तरेकडे ठेवण्याचा. कारण त्या बाजूने वर्षातील बराच काळ ऊन थेट आत येत नाही, येतो तो आभाळाने गाळून दिलेला, सावल्यांच्या कडा बोथट करणारा उजेड, ज्यात वृद्धांच्या सुरकुत्यादेखील त्यांच्याविरुद्ध साक्ष देत नाहीत.

अशाच खिडकीपाशी माझा उमेदीचा काळ घराण्यांच्या तसबिरी काढण्यात गेला. कुटुंबाचा समूहफोटो वरकरणी हौसेचा, परंतु वस्तुतः तो दस्तऐवजच असतो. मधल्या खुर्चीवर आजोबांनी बसावे की मामलेदारीतून निवृत्त झालेल्या त्यांच्या धाकट्या बंधूंनी, नव्या सुनेला सासूशेजारी जागा द्यावी की मागल्या रांगेत, घरजावयाचा हक्क कितव्या खुर्चीपर्यंत पोचतो, या प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत छायाचित्रकाराने काळ्या कापडाखाली डोके घालून स्वस्थ राहावे, हे उत्तम. तेथे घाशीव काचेवर सारी मंडळी खाली डोके वर पाय अशी दिसतात, आणि मानपानाचा विसर पडून केवळ आकारांची मांडणी कळते, हा त्या यंत्राचा मोठाच उपकार. माझ्या गुरूंच्या काळच्या काचा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. त्यांवरून छापलेल्या तसबिरीत आईसाहेबांचे ठसठशीत कुंकू काळेकुट्ट उमटे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

निसर्गदृश्यांविषयी थोडक्यातच सांगतो. डोंगराला ‘जरा डावीकडे सरका’ म्हणता येत नाही. सरकावे लागते ते आपल्यालाच, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर तशी सोय बेताचीच.

फुलांकडे मी वळलो तो कासमुळे. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवरचे, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीचे हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसमवेत जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. भाद्रपदात ते पाहिले, आणि उत्तरेच्या खिडकीपायी गवंड्याला मोजलेले पैसे व्यर्थ गेले असे वाटले. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ, की मोठ्या वृक्षाला तेथे थारा नाही. सारी प्रजा ठेंगणी, कोणाची कोणावर सावली नाही, आणि ढगाळ आकाश चहूकडून सारखाच उजेड पाडणारे. हौशी मंडळी उन्हाची वाट पाहतात. मी ऊन पडले की कॅमेरा पिशवीत ठेवतो.

सीतेची आसवे हे नखाएवढे निळसर जांभळे फूल दिसते गरीब, परंतु ती वनस्पती ओल्या मातीतल्या आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून त्यांवर गुजराण करते. इतक्या जवळून टिपताना भिंगाचे छिद्र लहान करावे तर उजेडाला वेळ द्यावा लागतो, आणि वारा तेवढी मुदत देत नाही. मोठे ठेवावे तर एक पाकळी स्पष्ट आणि बाकी सारे धूसर. या धूसरपणाचीच हल्ली चाल पडली आहे : एकटे फूल, मागे रंगाचा लगदा. मला तो प्रकार रुचत नाही. कारण ही आसवे एकटी राहत नाहीत. त्यांच्यामध्ये गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या असतात, कडेला गुलाबी तेरडा असतो, आणि ज्याने मागल्या रांगेतील आत्याबाईंचा स्पष्ट दिसण्याचा हक्क जन्मभर राखला, त्याने गेंदाला पडदा का समजावे? म्हणून मी छिद्र लहानच ठेवतो, वारा पडेपर्यंत पायवाटेवर उभा राहतो, आणि अवघे कुटुंब एका चौकटीत घेतो. पाहणारे विचारतात, यातले मुख्य फूल कोणते? समूहफोटो नेणाऱ्यांपैकी असे कोणी विचारीत नसे. त्यांचे भांडण खुर्च्यांपुरतेच असे.