कचऱ्याची फी आणि आपली कुरकुर

मार्केट यार्डात हमालीचा दर ठरलेला असतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला बोर्ड मिळाले, भविष्य निर्वाह निधी मिळाला. मग त्याच बाजारातल्या भाजीची देठे-साले आमच्या दारातून उचलणाऱ्या ताईचे काय? 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या या कष्टकरी बायांना महापालिका पगार देत नाही. घरटी फी आणि भंगार विकून मिळणारे पैसे हीच कमाई. ती वाढली की वस्तीत कुरकुर, 'कर भरतो, वर हे कशाला?' आम्हीही म्हणायचो. (गुटख्याला खिसा सैल!) पण फी बुडवली तर महापालिकेचे काही जात नाही, तिचे जाते. आणि ती बहुतेकदा आपल्यातलीच, दलित बाई. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी फी घरावर टाकली. वस्तीची पूर्ण फी महापालिकेनेच भरावी, ताईलाही बोर्ड मिळावे, ही आमची मागणी. भांडण महापालिकेशी आहे. या महिन्याचे तिचे पैसे आम्ही काल दिले.