वाडा ओपन होत नाहीये!

रात्रीचे साडेअकरा. फाइल उघडण्याची ती पट्टी सरकत सरकत पाऊण वाटेपर्यंत येते, स्क्रीन पांढराफटक पडतो, ‘फेटल एरर’ असा एक चौकोन डोकावतो आणि सगळं बंद. सलग चौथ्यांदा.

‘‘परत एकदा कर ना,’’ मी म्हटलं.

‘‘चार वेळा तेच केलंय. आता जरा गप्प बसशील?’’ दादा.

तुम्ही म्हणाल, एका फाइलसाठी एवढं काय टेन्शन? तर त्याचं झालं असं. दोन दिवसांवर आजीचं सहस्रचंद्रदर्शन आलं होतं. शाल-साडी तर सगळेच देतात, आपण तिच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा नकाशा मोठ्ठा प्रिंट करून, फ्रेम करून देऊ, ही मामाची आयडिया. वाडा २०१४ साली पाडला. आता तिथे बिल्डिंग आहे आणि चौकाच्या जागी पार्किंग. पण २०१२ मध्ये दादा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याला ‘मेझर ड्रॉइंग’चं सबमिशन होतं. म्हणजे एखादी जुनी वास्तू टेपने इंच-इंच मोजायची आणि जशीच्या तशी ड्रॉइंगमध्ये उतरवायची. त्याने आजोळच मोजायला घेतलं. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, त्यामुळे टेपचं दुसरं टोक धरायला त्याला फुकटची असिस्टंट मिळाली.

मोजमापांची वही नंतर रद्दीत गेली. प्रिंट कॉलेजने ठेवून घेतले. घरात फोटो ढीगभर आहेत, पण त्यात माणसं पुढे आणि वाडा मागे. जिना किती पायऱ्यांचा, ओसरी किती रुंद, हे फक्त त्या एका फाइलमध्ये. आणि ही फाइल कॉलेजच्या पीसीवरून पेनड्राइव्हवर, तिथून लॅपटॉपवर, तिथून जुन्या हार्ड डिस्कवर अशा उड्या मारत आलेली. कुठल्यातरी उडीत तिचा पाय मुरगळला होता.

मला ऑटोकॅडमधलं ओ की ठो कळत नाही. मी मास कॉमवाली, माझ्या फाइली उघडतात. पण त्या रात्री दादाच्या मागे बसून जे पाहिलं, ते कुठल्याही आणीबाणीत उपयोगी पडेल असं होतं.

त्याने पहिलं काम केलं ते कॉपी करण्याचं. मूळ फाइल बाजूला ठेवली, तिला हातच लावायचा नाही. जे काय प्रयोग करायचे ते कॉपीवर. मग एक कोरं ड्रॉइंग उघडलं. ते झटकन उघडलं. म्हणजे सॉफ्टवेअर ठणठणीत, दुखणं फाइलचंच. मग कॉपी चक्क नोटपॅडमध्ये उघडली. गिचमिड अगम्य अक्षरं, पण अगदी सुरुवातीला स्वच्छ लिहिलेलं : एसी १०२१. ‘‘म्हणजे ही २००७च्या फॉरमॅटमधली फाइल आहे. हे शाबूत आहे ना, मग थोडी तरी आशा आहे.’’ डॉक्टर नाडी बघून बोलतात तसं.

उपचार क्रमांक एक, ‘रिकव्हर’ कमांड. ही बिघडलेली फाइल तपासत तपासत उघडते. पट्टी सरकली, मी श्वास रोखला, आणि पुन्हा पांढरा स्क्रीन.

उपचार क्रमांक दोन. ऑटोकॅडमध्ये सेव्ह केलं की आधीची आवृत्ती डॉट बीएके नावाने बाजूला राहते. तिचं शेपूट बदलून डॉट डीडब्ल्यूजी केलं की ती उघडता येते. हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात ती सापडली, उघडलीसुद्धा! मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात दादाचा चेहरा पाहिला. तळमजला होता. माडी नव्हती.

एवढ्यात मामाचा फोन. ‘‘काय रे, झालं का? आमच्या वेळी ट्रेसिंग पेपर फाटायचा, पण निदान अर्धा तरी हातात राहायचा!’’ दादाने फोन माझ्याकडे दिला.

अर्धा तरी हातात. कुणास ठाऊक, दादाच्या डोक्यात तेच आलं असावं. त्याने ‘पार्शल ओपन’ काढलं. यात पूर्ण ड्रॉइंग न उघडता हवे तेवढेच लेअर मागता येतात. आधी फक्त भिंती. उघडल्या! मग दारं-खिडक्या, जिना, खांब, अक्षरं. एकेक लेअर वाढवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. शेवटी ‘हॅच’ नावाचा लेअर टिकमार्क केला आणि धाडकन क्रॅश. चोर सापडला. एकोणीस वर्षांच्या उत्साही दादाने चौकातली फरशी रेघ-रेघ भरून काढली होती, तोच लेअर बिघडलेला. तो सोडून बाकी सगळं त्याने नव्या कोऱ्या फाइलमध्ये कॉपी केलं, ‘ऑडिट’ चालवून सतरा चुका दुरुस्त केल्या, ‘पर्ज’ने नको असलेला कचरा काढला. पहाटे पावणेतीनला माडीसकट अख्खा वाडा स्क्रीनवर उभा.

माजघराची एक भिंत मात्र इतरांपेक्षा भलतीच जाड दिसत होती. ‘‘इथे सरांनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं होतं,’’ दादा म्हणाला. ‘‘चार मार्क गेले. टेप तू नीट धरली नव्हतीस.’’ इतक्या वर्षांनीही! मी चहा करायला उठले.

कार्यक्रमाच्या दिवशी आजीने चष्मा पुसला आणि दिंडी दरवाज्यावर बोट ठेवलं. मग ते बोट चालायला लागलं. देवडी, चौक, ओसरी. फरशी नाहीये हे तिच्या लक्षातही आलं नाही. माजघराशी बोट थांबलं.

‘‘अगं, इथलं बळद कुठाय?’’

‘‘बळद?’’

‘‘भिंतीत होतं ना. धान्याचं. घुशी व्हायला लागल्या म्हणून तुझ्या आईच्या लग्नाआधी लिंपून टाकलं.’’

मी दादाकडे पाहिलं. दादाने फ्रेमकडे पाहिलं. चार मार्क गेलेली ती जाड भिंत अगदी बरोबर मोजली होती, आणि टेप मी व्यवस्थित धरली होती. सॉरी मात्र अजून आलेलं नाही.

पण त्याच रात्री त्याने फाइल उघडली आणि एक नवा लेअर काढला. नाव दिलं ‘आजी’. हल्ली दर रविवारी आम्ही तिच्याकडे जातो. ती सांगते, मी लिहून घेते, तो काढतो. त्या लेअरमध्ये आता बळद आहे, परसातली चूल आहे आणि आजोबा पेपर वाचायला बसायचे तो ओसरीचा कोपरा आहे. फाइल तीन ठिकाणी सेव्ह असते. आजीची मात्र एकच कॉपी आहे, त्यामुळे आम्ही रविवार चुकवत नाही.