परंपरेचे मौन

न्यायालयांचे निकाल हेही साहित्याच्या अभ्यासकाने वाचावेत असे आम्हांला वाटते. संहितेत जे आले नाही त्याचा अर्थ कसा लावायचा, हा आपल्या वर्गातला प्रश्न तेथे जीवनमरणाचा होऊन बसतो.

कौटुंबिक हिंसाचारामुळे ज्याच्याविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण-आदेश आहे त्याने बंदूक बाळगू नये, असा कायदा अमेरिकेत १९९४ साली झाला. १९९६ मध्ये अशा हिंसाचाराच्या, कायद्याने किरकोळ गणलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनाही ही बंदी लागू झाली. यावर वाद कसला, असे कुणालाही वाटेल. पण २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात दंडक घातला, की शस्त्रांवरील बंधन राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत हवे. लगेच २०२३ मध्ये एका अपील न्यायालयाने १९९४ची तरतूद घटनाबाह्य ठरवली. कारण, तिच्यासारखे बंधन जुन्या काळात आढळले नाही!

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी घटनादुरुस्ती १७९१ची. स्त्री म्हणून मताधिकार नाकारू नये असे सांगणारी १९२०ची. कायदे करण्यात बाईला स्थानच नव्हते, त्या काळात तिच्या रक्षणाचा कायदा सापडत नाही, याला परंपरा म्हणावे काय? ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत जवळजवळ विस्मृतीत होते. मधल्या काळातील मौनावरून मराठी बाईची तक्रारच नव्हती असा निष्कर्ष कुणी काढला, तर आपण तो मान्य करू का?

२१ जून २०२४ रोजी रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ती तरतूद कायम ठेवली. जुन्या कायद्याची तंतोतंत प्रतिकृती नको, तत्त्व जुळले तरी पुरे, असे बहुमताने मानले. आधार घेतला तो, इतर जुन्या कायद्यांबरोबर, शांततेची हमी घेणाऱ्या कायद्यांचा. ज्याच्यापासून भय वाटे त्याच्याकडून जामीन घेतला जाई. पत्नीही नवऱ्याविरुद्ध तो मागू शकत असे. म्हणजे जुन्या दप्तरात बाई होती, फक्त ती शोधावी लागली. भिन्नमत एकट्या न्या. क्लॅरन्स थॉमस यांचे. ब्रुएनचा निकालही त्यांनीच लिहिला होता.

निकाल योग्य झाला, पण कसोटी तीच राहिली आहे. आजच्या बाईचा जीव वाचवायचा तर पुरावा दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदांत मिळाला पाहिजे. पुढच्या एखाद्या कायद्यासाठी तसा कागद मिळाला नाही, तर त्या मौनाचा अर्थ कोण आणि कसा लावणार, ही चिंता आम्हांला वाटते.