रुजवात

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरी वडिलांची एक लाकडी पेटी आहे. वडील संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा खात्यावरची पाटी बदलली, वडिलांचे मेज बदलले नाही. पेटीत दप्तरी नकलांचे काही पिवळे कागद आहेत आणि प्रत्येक नकलेच्या तळाशी तेच दोन शब्द आहेत: 'रुजवात केली.' खाली सही. नक्कल असलाशी ओळीओळीने ताडून पाहिली, अशी ती ग्वाही. आकडा चुकला तर तो खरवडायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ ओढायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि आद्याक्षरे घालायची. चूक झाकायची नाही, ती दिसली पाहिजे, असा त्या दप्तराचा दंडक होता.

आम्ही कागदाचा व्यवसाय पत्करला नाही, लोखंडाचा पत्करला. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये स्थापलेल्या कलाभवनाचे पुढे विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेत रूपांतर झाले. त्याच वास्तूतून 1972 साली पदवी घेऊन आम्ही मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लागलो. दाबाखाली चालणारी पोलादी पात्रे तेथे घडत. त्यांच्या जोडकामावर देखरेख करण्यात आमची उमेदीची सारी वर्षे गेली. कागदाचा आणि आमचा संबंध सुटला, असे आम्हांस तेव्हा वाटले होते. तो कसा सुटला नाही, हे सांगण्यासाठी हे लेखन.

दोन पोलादी पत्रे जोडताना त्यांच्यामधल्या खाचेत तिसरा धातू वितळून उतरतो. ग्रंथांतून त्याला पूरक धातू म्हणतात; कारखान्यात त्याला सरळ रॉड म्हणतात. पत्रा कोणता आहे आणि त्याला काय सोसायचे आहे, हे पाहून रॉड निवडायचा असतो. घराचे फाटक किंवा खिडकीचे गज जोडणारा कारागीर 6013 क्रमांकाचा रॉड घेतो. त्याची ठिणगी चटकन पेटते, जोड देखणा उतरतो, आणि फाटकाला तेवढे पुरते. दाबाच्या पात्रासाठी मात्र आम्ही 7018 घेत असू. यातील 70 म्हणजे उतरलेल्या धातूने दर चौरस इंचास किमान 70 हजार पौंडांचा ताण सोसला पाहिजे. 1 म्हणजे हा रॉड सपाट, आडव्या, उभ्या आणि डोक्यावरच्या अशा सर्व स्थितींत चालतो. आणि 8 हा आकडा आवरणाची जात सांगतो. ते आवरण चुनखडीच्या जातीचे, लोहचूर्ण मिसळलेले आणि हायड्रोजन अगदी अल्प ठेवणारे असते.

नव्या माणसाला वाटते की, रॉड जितका बळकट तितका जोड चांगला. आम्हांलाही तसेच वाटे. वास्तविक 70 हजार पौंडांच्या पत्र्याला 70 हजारांचाच रॉड शोभतो. जोड पत्र्याहून फार ताठर झाला, तर ताण पडताच तो स्वतः वाकत नाही. सारा भार शेजारच्या, उष्णतेने आधीच बदललेल्या पट्टीवर ढकलतो. शिवाय बळ वेगळे आणि चिवटपणा वेगळा. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेतील पोर्टलंडच्या बंदरात 'शेनेक्टडी' नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्यावर, शांत पाण्यात उभे असताना जवळजवळ दुभंगले. वादळ नव्हते की टक्कर नव्हती. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि सदोष जोड एवढी कारणे त्याला पुरली.

दुसरा वैरी म्हणजे ओल. रॉडच्या आवरणाने हवेतील दमटपणा शोषला की, ठिणगीच्या तापात त्यातील हायड्रोजन सुटा होऊन धातूत शिरतो. जोड थंड झाल्यावर तो आतल्या आत फिरतो आणि कठीण झालेल्या, ताणाखाली असलेल्या जागी तडा पाडतो. हा तडा लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी दोन दिवसांनी उमटतो. म्हणून 7018 चे रॉड भट्टीत तीनशे अंशांच्या आसपास भाजून घेतात आणि लागतील तेवढेच गरम डब्यातून बाहेर काढतात. श्रावणातल्या बडोद्यात हा नेम पाळणे किती जिकिरीचे असते, ते आम्ही जाणतो.

रॉड निवडला म्हणजे काम झाले, असे नाही. पत्रा, रॉड, जाडी, विद्युतप्रवाह, तापमान यांचा जो मेळ आपण कागदावर मांडला, तो खरोखर जमतो का, हे आधी सिद्ध करावे लागते. अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संहितेचा नववा भाग त्याची रीत सांगतो. त्याच जातीच्या पत्र्याचे दोन तुकडे त्याच पद्धतीने जोडायचे, त्यांच्या पट्ट्या कापायच्या, दोन पट्ट्या ओढून तोडायच्या आणि चार अर्धवर्तुळात, पुऱ्या 180 अंशांत वाकवायच्या. वाकलेल्या जोडावर 3 मिलिमीटरहून मोठी फट उघडली, तर पद्धत नापास. पास झाली, तर जे घडले तेच नोंदीत लिहायचे. ती नोंद सर्वच जाड्यांना लागू होत नाही. 12 मिलिमीटरच्या तुकड्यावर घेतलेली परीक्षा दुपटीपर्यंत, म्हणजे 24 मिलिमीटरपर्यंतच पुरते.

1979 च्या पावसाळ्यात आमच्या कारखान्याला 28 मिलिमीटर जाडीच्या पात्राचे काम मिळाले. दप्तरात नोंद होती ती 12 ची. ग्राहकाचा तपासनीस दुसऱ्या दिवशी येणार होता. संध्याकाळी व्यवस्थापकांनी नवा टंकलिखित कागद आमच्यापुढे ठेवला. सारे जुन्या नोंदीतलेच होते. फक्त 12 च्या जागी 16 होते. सोळाची दुप्पट बत्तीस, म्हणजे अठ्ठावीस सहज त्यात बसले. आम्ही विचारले, तर व्यवस्थापक म्हणाले, "चालशे." बडोद्यात राहणाऱ्या आपणां सर्वांना हा शब्द ठाऊक आहे, आणि तो गुजरातीतच आहे असे नाही, आपलेही 'चालतंय' त्याचेच भावंड. आमचे लग्न होऊन वर्ष झाले होते, बहिणीचे लग्न ठरले होते. आम्ही सही केली.

कागदावर वेल्डरचे नाव आणि शिक्क्याचा क्रमांक असतो. तो तुकडा ज्यांनी जोडला होता, ते अण्णा आमच्या दुपटीच्या वयाचे. हात धूत असताना त्यांनी तो कागद आमच्या हातात पाहिला.

"साहेब, ही प्लेट बारा एमएमची होती. मीच जोडली होती."

"अण्णा, मला माहीत आहे."

"मग माझं नाव काढा यातून. सोळाची मी जोडलीच नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागले. आम्ही कागद पिशवीत घालून घरी आणला. वडील ओसरीवर बसले होते. निवृत्त कारकुनाला कोणताही कागद दिसला की हात पुढे होतो. इंग्रजी तांत्रिक मजकूर त्यांना कळण्यासारखा नव्हता. पण त्यांनी तो वरून खालपर्यंत पाहिला आणि विचारले,

"नक्कल नीट उतरली आहे. असल कुठे आहे?"

"असल नाही, दादा."

"मग तू सही कशाखाली केलीस?"

एवढे बोलून त्यांनी कागद परत दिला आणि ते आत जेवायला गेले. त्या रात्री आम्ही जेवलो की नाही, ते आज आठवत नाही.

सकाळी तपासनीस येण्यापूर्वी आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो आणि सही मागे घेत असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "मग फाडून टाका." आम्ही तो फाडला नाही. सहीवर एक आडवी रेघ ओढली, शेजारी आद्याक्षरे घातली आणि तारीख लिहिली. तपासनिसाला एवढेच सांगितले की, या जाडीची परीक्षा व्हायची आहे. काम खोळंबले. त्या वर्षीची आमची पगारवाढ झाली नाही, आणि व्यवस्थापक पुढे कित्येक महिने आमच्याशी कामापुरतेच बोलत.

नवा तुकडा 20 मिलिमीटरचा घेतला. तो अण्णांनीच जोडला, जुन्याच पद्धतीने, तोच रॉड, तोच प्रवाह, खाचेचा तोच कोन ठेवून. एवढ्या जाडीला पट्ट्या बाजूने वाकवून पाहतात, म्हणजे जोडाचा आडवा छेद पृष्ठभागावर येतो. चारांपैकी दोन पट्ट्या उघडल्या. एकीवर 5 मिलिमीटरची फट, अगदी खाचेच्या भिंतीलगत. उतरलेला धातू तिथे भिंतीला टेकला होता, पण तिच्यात मिसळला नव्हता. जाड पत्रा उष्णता झपाट्याने ओढून घेतो. बारा मिलिमीटरला पुरलेला प्रवाह विसाला पुरला नाही. अशी फट पातळ आणि तिरपी असल्याने क्ष-किरणांच्या छायाचित्रातूनही कित्येकदा निसटते.

अण्णा पट्टी हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, हे आतच राहिलं असतं." आम्ही प्रवाह वाढवला, खाच रुंद केली, प्रत्येक थरानंतर घासणी सक्तीची केली. दुसऱ्या तुकड्याच्या सहाही पट्ट्या उत्तीर्ण झाल्या. या सगळ्यात अकरा दिवस गेले. मग नोंदीवर 20 हा आकडा लिहिला आणि त्याखाली आम्ही व अण्णांनी सह्या केल्या. अण्णा मराठीत सही करीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. सोळाचा कागद पुढे गेला असता, तर पात्र फुटलेच असते, असे आम्ही म्हणू शकत नाही. अण्णांचा हात तयार होता. प्रत्यक्ष कामात त्यांनी आपणहून प्रवाह वाढवलाही असता. पात्र कदाचित आपले आयुष्य सुखाने पुरे करते आणि आमची सही कुणालाच कळली नसती. खोट्या कागदाने दर वेळी अपघात होतो असे नाही, आणि म्हणूनच त्याचा मोह सुटत नाही. ज्या माणसाला त्या पात्राशेजारी रात्रपाळी करायची असते, तो जोडाच्या आत पाहू शकत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी पाहिले आहे, एवढेच तो कागद त्याला सांगत असतो. ते पाहणे झालेच नसेल, तर कागद कितीही नीटनेटका असो, त्याला असल नाही.

2008 मध्ये आम्ही निवृत्त झालो. आता या नोंदी संगणकावर तयार होतात, रकाने आपोआप भरतात, आणि एक आकडा बदलणे पूर्वीपेक्षाही सोपे झाले आहे. पट्टी मात्र आजही वाकवूनच पाहावी लागते.

वडील 1991 साली गेले. त्या सकाळी काय केले, हे आम्ही त्यांना कधी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. त्यांच्या पेटीत नकलांच्या गठ्ठ्याशेजारी आम्ही दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक, आडवी रेघ मारलेला तो कागद. दुसरी, नालेसारखी वाकलेली, 5 मिलिमीटर उघडलेली ती पोलादी पट्टी. गेल्या दिवाळीत नातवाने पेटी उघडली, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, ही तर फाटलेली आहे. चांगली का नाही ठेवलीत?" आम्ही त्याला जवळ बसवले, वडिलांची एक नक्कल उलगडली आणि तळाशी लिहिलेले ते दोन शब्द आधी मोठ्याने वाचायला सांगितले.