कोयनेच्या मेशला अनावृत पत्र

प्रिय मेश,

भूकंपात काँक्रीट कसं तडकतं हे संगणकावर मांडायला शिकणारा विद्यार्थी कराडचा असो की कॅलिफोर्नियातला, एक ना एक दिवस तुझ्यापाशी येतो. कोयना धरणाच्या एका मोनोलिथच्या, म्हणजे काँक्रीटच्या एका खंडाच्या, छेदावर आखलेली लहान तुकड्यांची (एलिमेंटची) जाळी म्हणजे तू. तळाशी 70 मीटर रुंद, माथ्यावर 14.8, उंची 103. पाण्याकडची बाजू सरळ उभी मानलेली, प्रत्यक्षात ती थोडी वेगळी आहे. मागची बाजू तिरपी चढत येते आणि 66.5 मीटरवर एकदम जवळजवळ उभी होते. त्या कोपऱ्यामुळेच तुझं नाव झालं.

तो कोपरा कुणी हौसेनं काढलेला नव्हता. धरण दोन टप्प्यांत बांधायचं होतं, पण काम सुरू असतानाच ते एकदम पूर्ण उंचीला न्यायचं ठरलं आणि छेदाला हा बाक आला. भूकंपासाठी तेव्हा गुरुत्वत्वरणाच्या 0.05 पट एवढाच गुणांक धरला होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4:21 ला जमीन हलली, तेव्हा धरणातल्याच उपकरणानं त्याच्या कितीतरी पट त्वरण नोंदवलं. कोयनानगरातली घरं कोसळली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण उंच मोनोलिथांना त्या बाकाच्या पातळीवर पुढूनमागून आडव्या भेगा पडल्या. पुढे मागच्या बाजूला काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केले गेले. 1973 मध्ये अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी फायनाइट एलिमेंट पद्धतीनं हिशोब मांडून दाखवलं, की ताण नेमका तिथंच काँक्रीटला न पेलणारा होतो. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी 1960 मध्ये दिलं, आणि या पद्धतीच्या पहिल्या मोठ्या स्थापत्य कामांतलं एक अमेरिकेतल्या नॉरफोर्क धरणाच्या भेगेवरचंच होतं. धरणं आणि तू, तुमचं नातं जुनं आहे.

माझी तक्रार तुझ्या प्रवासाबद्दल आहे. एका सॉफ्टवेअरमध्ये तुला आखतात, दुसऱ्यात उतरवतात, आणि वाटेत अनेकदा तुझ्या कडांची नावं गळून पडतात. पलीकडे पोचतात ते फक्त नोड आणि त्रिकोण. कुठली रेघ शिवसागर जलाशयाला लागून आहे, कुठली पायावर टेकली आहे, त्यांतल्या कुणालाच माहीत नसतं. जीमेश या जाळी आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर आणखी एक फसगत ठरलेली. कडांना गट देऊन नावं ठेवली आणि धरणाच्या पोटातल्या क्षेत्राला गट द्यायचं राहिलं, तर फाइलमध्ये नुसत्या कडा जतन होतात आणि काँक्रीट गायब होतं. हे निदान लगेच लक्षात येतं. पायाची कड बांधायची राहिली, तरी हिशोब करणारा सॉल्व्हर तक्रार करतो. पण पाण्याचा दाब चुकून मागच्या बाजूला दिला तर तो काहीच बोलत नाही. सुंदर रंगीत चित्र हाती देतो, आणि ते अहवालातही जातं. मला खरी भीती त्या चित्राची वाटते.

म्हणून आयात झाल्या झाल्या तुझ्या कडा पुन्हा ओळखाव्या लागतात. क्ष शून्य असलेले नोड पाण्याकडचे, य शून्य असलेले पायाचे, असं सहज म्हणतात. पण फाइलमधला शून्य कधी 0.00000000000001 होऊन येतो आणि तो नोड निसटतो. थोडी सूट धरून निवडलं की तो सापडतो. पायाशी पाण्याकडचा कोपरा दोन्ही कडांचा, त्याचा निकाल आधीच लावावा. फाइल मिलिमीटरमध्ये आली असेल तर 103 मीटरचं धरण 103 किलोमीटरचं होतं, तेव्हा सगळ्यांत वरच्या नोडची उंची आधी वाचावी.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा 91.75 मीटरची. भूकंपावेळी पाण्याची पातळी एवढी होती. तिथं काँक्रीटला ना कोपरा ना सांधा, म्हणून आखणाराही तिथं बिंदू देत नाही आणि पूर्ण 103 मीटरची एकच कड होते. मग पाणी माथ्यापर्यंत चढतं, किंवा एखाद्या एलिमेंटच्या मधोमध अडकतं. वेस्टरगार्ड यांनी 1933 मध्ये सांगितलेलं पाण्याचं वाढीव वस्तुमानही याच कडेला चिकटवायचं असतं, म्हणजे कड चुकली की स्थिर दाब आणि हादऱ्यातला दाब दोन्ही चुकले. तुझी पाण्याकडची रेघ 91.75 ला तोडलीच पाहिजे. वरच्या तुकड्याला वेगळं नाव, खालच्याला वेगळं.

नावं बरोबर बसली का, हे पाहायला भूकंप लागत नाही. आधी नुसतं पाणी आणि स्ववजन लावावं. 91.75 मीटर पाण्याचा आडवा रेटा धरणाच्या दर मीटर लांबीला 41.3 मेगान्यूटन, म्हणजे 4,200 टनांच्या आसपास. घनता 2,643 किलो प्रति घनमीटर धरली तर त्याच एका मीटरचं वजन साधारण 9,500 टन. पायाच्या प्रतिक्रियांची बेरीज एवढी आली पाहिजे. आडवी बेरीज उलट्या चिन्हानं आली, तर बहुधा तुझ्या कडेचे लंब बाहेरच्याऐवजी आत वळलेत आणि शिवसागर धरणाला स्वतःकडे ओढतोय. सांगली-कराडच्या मुलांनी हा हिशोब कागदावर करून मगच त्वरणाची नोंद उघडावी, असं मला कळकळीनं वाटतं.

66.5 च्या कोपऱ्यालाही नाव दे. तिथं जाळी जितकी बारीक करावी तितका रेषीय हिशोबातला ताण वाढत जातो, कुठे थांबत नाही. ‘कमाल ताण इतका’ असं लिहिणाऱ्यानं एलिमेंट किती मोठं घेतलं हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर तो आकडा धरणाबद्दल काहीच सांगत नाही. भेगेचा मार्ग हवा असेल तर काँक्रीटची भंगऊर्जा, म्हणजे भेग पडायला लागणारी ऊर्जा, हिशोबात आणावी लागते.

आणि आता तुझ्याखाली खडकही जोडतात, ते योग्यच आहे. पण त्या खडकाची बाहेरची कड ही खऱ्या खडकाची कड नाही, आपण आखलेली आहे. कोयनेत बेसाल्टखाली ग्रॅनाइट आहे, आणि तो आपल्या रेघेशी संपत नाही. तिला पायासारखं जखडून टाकलं तर भूकंपाच्या लाटा तिच्यावर आपटून परत धरणात येतात. त्या कडेला ‘शोषक’ असं नाव फाइलमध्येच देऊन ठेव, म्हणजे पुढचा माणूस तिथं आधार लावणार नाही.

तुझा,
साताऱ्याचा एक अभियंता