मालवणचा दर्या आणि वन्संचा फोन

मालवणात दोन प्रकारचे पाणी भेटते. एक समोर पसरलेले, डोळ्यांत मावणार नाही असे खारे पाणी, आणि दुसरे परसातल्या विहिरीचे गोडे. दोन्हींमध्ये अंतर म्हणाल तर जेमतेम चार माडांचे! कोल्हापूरसारख्या ठिकाणी वाढलेल्या माझ्यासारखीला याचे फार नवल वाटते. आमच्याकडे पाणी म्हणजे पंचगंगा किंवा रंकाळा. पाणी बाधू शकते, ते घरातल्या वस्तू खाऊ शकते, हा धडा समुद्रच शिकवतो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सात मंडळी मालवणला गेलो होतो. हे, मी, आमची दोन मुले, सासूबाई, आणि सांगलीहून आलेल्या वन्सं व त्यांचा बारावीतला मुलगा. पहाटे निघालो, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडाघाट उतरलो आणि कणकवली, कसाल करीत दुपारच्या जेवणाला मालवणात पोहोचलो. घाट उतरला की हवाच बदलते. अंगाला चिकटपणा येतो, लाल माती दिसू लागते आणि सोलकढीच्या नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटते. उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी कोंबडी-वडे वाढले. सासूबाईंसाठी गरम घावणे आणि नारळाचा रस. मग काय विचारता! प्रवासाचा शीण कुठल्या कुठे पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग पाहायला निघालो. धक्क्यावरून होडीत बसले की थोड्याच वेळात किल्ला. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही. तटाच्या पोटात तो असा काही दडवला आहे, की शत्रूने नुसते चाचपडतच राहावे. आत महाराजांचे मंदिर आहे आणि चुन्यात उमटलेले त्यांच्या हाताचे व पायाचे ठसे आहेत. सासूबाईंनी पदर सावरून तिथे डोके टेकले, तेव्हा आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो.

पण मला सर्वांत आवडल्या त्या तिथल्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. हे पाणी नसते तर एवढा मोठा किल्ला वेढ्यात किती दिवस टिकला असता? गोड्या-खाऱ्यातला फरक म्हणजे इथे जगण्या-मरण्याचाच प्रश्न होता. दुसऱ्याच दिवशी याच फरकाची एक लहानशी प्रचीती आम्हाला येणार होती.

तिसरा दिवस तारकर्ली आणि देवबागचा. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी चिंचोळी पट्टी. टोकाला गेले की नदी आणि समुद्र गळाभेट घेताना दिसतात. वाटेत किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. पंचवीस-तीस माणसे दोन्ही बाजूंनी जाळ्याचे दोर ओढत होती, आणि जाळे जवळ आले तशी चंदेरी मासळी तडफडताना दिसू लागली. मुले तिथून हलायलाच तयार नव्हती.

होडीने आम्ही संगमाजवळच्या वाळूच्या बेटावर गेलो. गुडघाभर पाणी, तळाची वाळू स्वच्छ दिसते आहे, मुले डुंबताहेत. वन्संनी पर्समधून फोन काढला आणि सरळ पाण्यात धरला! माझा तर जीवच वर गेला. पण त्या हसून म्हणाल्या, “वहिनी, घाबरताय काय? पाण्यातला फोन आहे हा. खोक्यावर आयपी ६८ लिहिलंय. जाहिरातीत तर पोहण्याच्या तलावात बुडवून दाखवतात!” मग त्यांनी मुलांचे पाण्याखालचे फोटो काढले. फोटो आले मात्र सुरेख, खोटे कशाला बोलू?

होडीवाले तात्या हे सगळे पाहत होते. ते म्हणाले, “बाय, दर्याचो भरवसो धरूचो नाय. घराक गेल्यार गोड्या पाण्यान धुवा तो.” वन्संनी मान डोलावली, पण फोन छान चालू होता. संध्याकाळी त्यांनी तो पुसला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवला. धुतला नाही. सकाळी चार्जिंगही व्यवस्थित झाले. झालं! विषय संपला असेच सर्वांना वाटले.

दहा-बारा दिवसांनी सांगलीहून सासूबाईंच्या फोनवर निरोप आला. वन्संचा फोन चार्ज होईना. चार्जरची पिन जिथे बसते त्या भोकात हिरवट थर चढला होता. दुरुस्ती केंद्रात नेला तर तिथल्या मुलाने सिम कार्डाची पट्टी बाहेर काढली, आत विजेरी मारली आणि सांगितले, “आतली खूण लाल झालीय, म्हणजे पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही.” खोक्यावर पाण्याची हमी आणि पाणी गेले तर भरपाई नाही, हे ऐकून वन्संना रडूच कोसळले. कारण तो नुसता हौसेचा फोन नव्हता. वन्सं घरी गुळपोळ्या आणि तिळाच्या वड्या करून विकतात. संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि सगळी गिऱ्हाइके, मागण्या, पैशांचे हिशेब त्या फोनमध्ये!

यात वन्संची चूक म्हणावी का? मला तसे वाटत नाही. त्यांनी वाचले ते खरेच होते, पण ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे मी नंतर मुद्दाम समजून घेतले. ते आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत असायला हवे, म्हणून इथे सांगते.

आकड्यांचा अर्थ

आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. ६८ म्हणजे अडुसष्ट टक्के किंवा अडुसष्ट फूट नव्हे! ६ म्हणजे धूळ आत जात नाही. पाण्याचा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास फोन बुडवून पाहिलेला असतो. ८ असेल तर त्याहून कडक परीक्षा. पण किती खोल आणि किती वेळ, ते कंपनीच ठरवते. २०१६ मधल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ७ फोनला आयपी ६८ होते ते दीड मीटरसाठी. २०२० च्या आयफोन १२ लाही आयपी ६८, पण तो सहा मीटरसाठी. आकडा एकच, अर्थ वेगळा.

आता खरी मेख ऐका. ही परीक्षा होते प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या फोनवर, साध्या गोड्या आणि संथ पाण्यात. नळाची जोरदार धार किंवा फवारा यांची परीक्षा निराळी असते आणि तिचे आकडे ५ व ६ हे आहेत. नुसता ७ किंवा ८ मिळालेला फोन धारेची परीक्षा उतरला आहे, असे गृहीत धरता येत नाही. लाट तर अंगावर आपटतच येते. आणि समुद्राचे पाणी, साबणाचे पाणी, चहा, गरम वाफ यांची या परीक्षेत गाठच पडत नाही.

खारे पाणी एवढे वाईट का? समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. पाणी वाळते, पण मीठ तिथेच राहते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्यातून वीजही सहज वाहते. अशा जागी रोज चार्जर लावला की धातूच्या बारीक पिना गंजतात. लोणच्याच्या बरणीचे पत्र्याचे झाकण कसे होते ते आपण पाहतोच की! वन्संचा फोन वाळला होता, पण मीठ गेले नव्हते. तात्यांनी शाळा किती शिकली कोण जाणे, पण त्यांना हे पक्के ठाऊक होते.

साबणाची गोष्ट आणखी मजेची. सातवीच्या वर्गात पृष्ठताण शिकवताना मी नेहमी छत्रीचे उदाहरण देते. छत्रीच्या कापडाला बारीक छिद्रे असतात, तरी पाण्याचा थेंब आत येत नाही, कारण थेंब स्वतःला घट्ट धरून असतो. फोनच्या आवाजाच्या जाळीवर पडद्याची रचना काहीशी अशीच असते. साबणाने पाण्याची ही पकड सैल होते आणि ते आत शिरू शकते. म्हणून मोरीत, न्हाणीघरात फोन नेऊ नये. गरम पाण्याची वाफही तशीच चोरपावलांनी आत जाते.

आणि फोनच्या सांध्यांत काय असते? रबराच्या बारीक कड्या आणि डिंकासारखा चिकट पदार्थ. कुकरची रिंग नवी असताना कशी घट्ट बसते आणि वर्षा-दोन वर्षांनी बाजूने वाफ सोडू लागते! इथेही तोच प्रकार. फोन पडला, उन्हात तापला, जुना झाला की सांधे सैल होतात. वन्संच्या फोनची काच आदल्या वर्षी फुटली होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून घेतली होती. फोन एकदा उघडला की मूळची घट्ट बसणी राहिलीच असेल असे नाही. खोक्यावरचा आकडा मात्र तोच राहतो.

न्यायालयात गेलेली जाहिरात

ही तक्रार फक्त आपलीच नाही. ऑस्ट्रेलियात तिथल्या ग्राहक आयोगाने २०१९ मध्ये सॅमसंगवर दावा लावला. पोहण्याचे तलाव आणि समुद्र यांत फोन वापरता येतो असे दाखवणाऱ्या जाहिराती दिशाभूल करतात, असे म्हणणे होते. पाण्यात बुडवून फोन ओला असतानाच चार्ज केला तर चार्जिंगची जागा गंजण्याची शक्यता आहे, हे कंपनीने मान्य केले आणि २०२२ च्या जूनमध्ये न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. इटलीत २०२० मध्ये अ‍ॅपल कंपनीला १ कोटी युरोचा दंड झाला. पाण्याची हमी प्रयोगशाळेतल्या अटींवरच खरी आहे हे जाहिरातीत नीट सांगितले नव्हते, आणि पाणी गेल्यावर वॉरंटीतून मदतही मिळत नव्हती. अगदी आपल्या वन्संचीच कहाणी, नाही का?

वन्संची संक्रांत मात्र बुडाली नाही. सासूबाईंचा जुना हट्ट असा, की प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर वहीत लिहायचाच. लेकीच्या मागे लागून त्यांनी ती वही चालू ठेवली होती. त्या वहीवरून मुलाच्या फोनने एकेकीला फोन लावले आणि बहुतेक मागण्या पुन्हा जुळल्या. बेटावरचे फोटो तेवढे गेले. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे गं, मी पाहिलंय ना सगळं डोळ्यांनी!”

जाण्यापूर्वी एवढे करा

समुद्रावर फोन नेणारच असाल तर गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी घ्या. नवी पिशवी आधी घरीच तपासा. आत कोरडा कागदी रुमाल घालून ती अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. रुमाल कोरडा निघाला तरच फोन घाला. रोज संध्याकाळी फोटो घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. महत्त्वाचे नंबर वहीत लिहा.

आयपी आकड्याचा, न उघडलेला फोन खाऱ्या पाण्यात पडलाच तर बंद करा, आवरण काढा आणि गोड्या पाण्याने हलकेच धुवा. नळाची जोरदार धार नको. मऊ फडक्याने पुसून, चार्जिंगचे भोक खाली करून तळहातावर हळूच ठोका आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. किमान पाच तास, जमल्यास रात्रभर चार्जर लावू नका. भोकात कापूस, काडी घालू नका. केस वाळवायचे यंत्रही नको. आणि तांदळाच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान होऊ शकते, असे अ‍ॅपल कंपनी आपल्या सूचनांत सांगते. तांदूळ भातालाच बरे. आकडा नसलेला किंवा एकदा उघडलेला फोन असेल तर बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

मालवणला जायचे तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. म्हाताऱ्या माणसांना अवश्य न्या. होडीत चढता-उतरताना होडीवाले हात देतात. येताना मालवणी खाजा आणि आगळाची बाटली आणायला विसरू नका. बाटलीचे झाकण मात्र दोनदा तपासून घ्या, नाहीतर पिशवीतल्या साड्यांवर आमसुली डाग पडलेच म्हणून समजा!