आशाताईच्या पिशवीतली पुडी

जिंतूरकडचा तांडा असो, गंगाखेडची गोदाकाठची वाडी असो की सोनपेठच्या ऊसतोड मजुरांची वस्ती, आशाताईच्या पिशवीत ती असतेच. ओआरएसची पुडी. वजन 20.5 ग्रॅम, त्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट.

हे सायट्रेट म्हणजे लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा क्षार. पूर्वी त्याच्या जागी खायचा सोडा असे. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजलेल्या पाण्यातही सोडाच होता, आणि त्या पाण्याने तिथले मृत्यू कितीतरी पटींनी कमी झाले. पण उष्ण, दमट हवेत सोड्याचं ग्लुकोजशी जमत नाही. पुडीत गोळे होतात, रंग तपकिरी पडतो. 1984 पासून सायट्रेट आलं आणि पुडी टिकाऊ झाली. परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, हा गुण किती मोलाचा ते सांगायला नको. पोटात गेल्यावर यकृत सायट्रेटचं बायकार्बोनेट करतं, आणि जुलाबाने रक्तात वाढलेलं आम्ल उतरतं.

पुडीचा स्वभाव शांत. जुलाब थांबवण्याचं वचन ती देत नाही, गेलेलं पाणी नि क्षार तेवढे भरून देते. म्हणून घरची माणसं म्हणतात, "ताई, सुई द्या, नाहीतर सलाईन लावा." ताई लिटरभर स्वच्छ पाण्यात अख्खी पुडी ओततात, चमचा आईच्या हातात देतात. लेकराने ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं, मग आणखी हळू पाजायचं. उरलेलं पाणी 24 तासांनी फेकायचं.

एका लेकरापुढे मात्र या पुडीलाही हात आखडता घ्यावा लागतो. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, आणि अंगणवाडीताईंची पट्टी दंडावर 11.5 सेंटिमीटरच्या आत, लाल रंगावर आलेली. या तीव्र कुपोषित लेकराच्या अंगात सोडियम साचलेलं असतं, पोटॅशियम आटलेलं, हृदय दुबळं. चरबी नसल्याने कातडीची चिमटी तशीच राहते, डोळे आधीच खोल. पाणी किती कमी झालंय याचा अंदाज चुकतो. घाईने पाजलं तर हृदयच थकतं. म्हणून पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला किलोमागे 5 मिलिलिटर, म्हणजे सहा किलोच्या लेकराला 30. पोटॅशियम वेगळं वाढवायचं. नाडी आणि श्वास सतत मोजायचे. हे काम रुग्णालयातच व्हायला हवं, घरी नव्हे.

तेव्हा पट्टी लाल दिसली आणि जुलाब सुरू असले, तर 108 ला फोन करा. वाटेत चमच्याचमच्याने पाजत राहा, आणि अंगावरचं दूध बंद करू नका.